टीम नंबर अकरा

परीक्षकाने दोनच ओळी लिहिल्यात:
विद्यार्थी म्हणजे अभियंते नव्हेत.
यांच्यावरून उद्योगाबद्दल काय सांगणार?

केबिनच्या खिडकीतून आडगावचा हायवे दिसतो,
पुलाखाली कांद्याचे ट्रक खोळंबलेत.
चहावर साय धरलीय.
मी पुन्हा उघडते तो तक्ता.

अठरा टीम, बहात्तर नावं, सोळा आठवडे.
नऊ टीमना म्हटलं, जोडीने बसा,
एक कीबोर्ड, दोन डोकी.
नऊ टीमना म्हटलं, ज्याचं काम त्याच्या मशीनवर.
प्रोजेक्ट सगळ्यांना एकच:
द्राक्षाच्या पेट्या, वजन, भाव, गाडी नंबर.
मी मोजणार होते चुका.
कुणाच्या, किती, आणि निस्तरायला किती तास.

संमतीपत्र वाचून दाखवलं.
'सहभाग पूर्णपणे ऐच्छिक आहे.'
मागच्या बाकावरून सोपान गांगुर्डे म्हणाला,
मॅडम, ऐच्छिक म्हणजे किती मार्कांचं?
वर्ग हसला, मीही हसले.
मग बहात्तर सह्या आल्या,
एकही कमी नाही.
त्या हसण्याचा रकाना
माझ्या तक्त्यात नाही.

टीम अकरा दुसऱ्या गटातली,
ज्याचं काम त्याच्या मशीनवर.
आणि नोंदी बघाव्या तर सगळ्या एकाच नावावर:
मुक्ता भामरे, मुक्ता भामरे, मुक्ता भामरे,
सकाळी अकरा, संध्याकाळी सात,
पहाटे तीन चाळीस.
बाकी तिघांपुढे शून्य.
मी आलेख काढला, खूश झाले.
कामाची विषम वाटणी, किती स्वच्छ उदाहरण!
परिच्छेदसुद्धा लिहून टाकला.

तोंडी परीक्षेला विचारलं,
मुक्ता, तू झोपतेस कधी?
ती टेबलाची कड नखाने खरवडत राहिली.
मग म्हणाली, पहाटेचं माझं नाही मॅडम.
ते सोपानचं.

लॅपटॉप एकच होता.
दिवसा निमाणीजवळ, तिच्या वडिलांच्या झेरॉक्सच्या दुकानात,
संध्याकाळी वडाळ्याला हुजैफाकडे,
जेवणं झाली की कादंबरी खैरनारच्या होस्टेलवर,
आणि दहाच्या सुमारास सोपान यायचा गेटवर,
बॅग पाठीला लावून सातपूरच्या रात्रपाळीला जायचा.
तीनच्या चहाच्या सुट्टीत, प्रेस शॉपच्या पायरीवर,
तो मुक्ता भामरे व्हायचा.

आणि लॉगआउट का नाही केलंत रे?
केलं की पासवर्ड मागतो मॅडम,
आणि तो कागद हरवला.

बॅगेतली वही त्यांनी फाइलसोबत चुकून जमा केली.
दोनशे पानी, मागे पाढे असलेली.
'दोनशे चौदाव्या ओळीला हात लावू नका, झोपून उठलो की बघतो. सो.'
'वजन शून्य टाकलं तर गाडी पडते. का ते कळलं नाही. कादंबरी, तू बघ.'
'बघितलं. माझीच चूक होती. सॉरी.'
'सॉरी नको, चार्जर आण.'

अठरा टीममध्ये सगळ्यात कमी चुका टीम अकराच्या.
पण त्या कुठल्या गटात मोजू?
जोडीने बसले नाहीत,
एकेकटेही नव्हते.
चौघं एका मशीनवर, एका नावाखाली,
आणि एकत्र कधीच नाहीत.

परीक्षकाला काय कळवू?
की तुमचं खरंय, हे अभियंते नव्हेत,
फक्त पाळी बदलताना पुढच्यासाठी
चिठ्ठी लिहून ठेवतात?
की चूक माझ्या नमुन्यात नव्हती,
मोजपट्टीत होती,
आणि मोजपट्टी मीच कापली होती?

मर्यादांच्या विभागात शेवटी एवढंच लिहिते:
'एक टीम विश्लेषणातून वगळली आहे,
सूचनांचं पालन न झाल्यामुळे.'
कुणाच्या सूचनांचं कुणी, ते लिहीत नाही.
सतरा टीम. अडुसष्ट नावं.

वही परत करायची म्हणून शेवटचं पान उलटते.
पेन्सिलीने, घाईत, कुणाचं अक्षर कळत नाही:
'चार्जर परीक्षेच्या दिवशी मॅडमकडे राहिला वाटतं.
कुणीतरी विचारा ना.'

ड्रॉवर उघडते.
आहे.
महिना झाला त्याला.